व्याह्यांची किल्ली

आमच्या पप्पांना काहीही चालतं, पाहुण्याचा ग्लास रिकामा चालत नाही. यंदा गटारीच्या रविवारी दुपारी ताईचे सासरे कोपरखैरण्याला आमच्याकडे जेवायला आले, तेही स्कूटरवरून. मटण संपलं, तरी पप्पांचं ओतणं संपेना.

"पप्पा, काकांना सीवूड्सला जायचंय. किल्ली मागून घ्या."

"व्याह्यांकडे किल्ली मागू? ताईला सासरी काय काय ऐकून घ्यावं लागेल!"

मीच मागायला उठले, तर पप्पांनी डोळे वटारून मला खाली बसवलं. काका गेले.

अर्ध्या तासाने ताईचा फोन आला. "बाबा पोचले नाहीत. फोनपण उचलत नाहीयेत."

पप्पांचा चेहराच उतरला. "कोणाला उडवलं असेल तर? केस माझ्यावरपण होते का गं? मी तर नुसती ओतली."

माझं लॉचं दुसरं वर्ष. "ते कोर्ट ठरवेल. पण ते गाडीवर आलेत हे माहीत असून ओतलीत. मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

आम्ही धावत खाली उतरलो. काका पार्किंगमध्येच होते. हेल्मेट घालून, घामाघूम होऊन, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या स्कूटरला आपली किल्ली लावत होते.

पप्पा जिन्याच्या पायरीवरच बसले आणि त्यांनी हात जोडले.

"पोरी, स्कूटर बिघडली बघ," म्हणत काकांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"हो काका, मोठं काम दिसतंय. उद्या मेकॅनिकला दाखवते," मी म्हटलं, किल्ली खिशात टाकली आणि रिक्षा बोलावली.