चुंबकी गोळी, चुंबकी पापुद्रा आणि तुडुंब गर्दी

शनिवारी दुपारी चार वाजता, रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या सभागृहात. आणि सत्कार काही संपतच नव्हते! तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं वार्ताहर आहे मी, पण व्याख्यात्याला एक शाल आणि अध्यक्षांना तीन? अहो, व्याख्यान आत्माराम सरांचं! मायक्रोवेव्ह लहरी तयार करायला चुंबकी गोळी बरी की चुंबकी पापुद्रा, हा विषय. माणसं जमली तर सरांची प्रयोगशाळा राहणार, नाहीतर तिथे मंडपाच्या खुर्च्या ठेवणार. संस्थेचे अध्यक्ष धाकूशेठ बोललेच होते, "लोकांना गोडी आहे का बघूया, सर!"

आणि नारळ हातात पडताच तेच धाकूशेठ उठले! "लांज्याला दुसरा सत्कार आहे हो!" त्यांच्यामागे अख्खं सभागृह उठलं. आपल्याकडे अध्यक्ष उठल्यावर बसून राहणं म्हणजे उद्धटपणा ना! ऐकायला उरलं कोण? मी!

सर मात्र सुरू... "ही गोळी खसखशीएवढी. चुंबकात ठेवली की एका सुरात घुमते, चुंबकाचा जोर बदलला की सूर बदलतो. सूर स्वच्छ, पण चुंबक जड, वीज खातो, आणि एकेक गोळी घासून हाताने बसवायची. पापुद्रा चपटा, एकदम ढिगाने निघतो, पण त्यात भलतेच सूर मिसळतात..." आणि बघत होते कुठे? डावीकडे, उजवीकडे, पार मागच्या रांगेकडे! अहो, मी पुढ्यात बसलोय! तेवढ्यात झाडू घेऊन सखूमावशी, "दोघांसाठी सगले पंखे कशाला वो?" झाले पंखे बंद!

"काही प्रश्न?" सरांनी विचारलं. विचारायला कोण? मी! मंत्र्यांना घाम फोडलाय मी, पण तिथे एवढंच सुचलं. म्हटलं, "तुम्ही काय निवडाल, सर?"

"गोळी," सर म्हणाले. "एकेकटीला जपावं लागतं. सवय आहे."

घरी आलो, सांगायला कोणी नाही, म्हणून सगळं बातमीत लिहिलं. छापून काय आलं? धाकूशेठांनी धाडलेली बातमी! सत्काराच्या वेळचा फोटो आणि खाली 'व्याख्यानाला तुडुंब गर्दी'. संपादक म्हणतो, "तुमचं वाचणार कोण, काका?"

सोमवारी प्रयोगशाळेला कुलूप. कारण काय? "ऐकायला कोणी आलंच नाही." मी फोन लावला, "शेठ, मग ती गर्दी?" तर म्हणे, "मीटिंगमध्ये आहे हो!" पुन्हा लावला, पुन्हा मीटिंग... चालू दे, मीटिंग चालू दे! पण तुम्हाला सांगतो, गर्दी झाली हे सांगणारे धाकूशेठ, आणि कोणी आलं नाही हे सांगणारेही धाकूशेठच.