दरवाजा उचलून लावायचा

विपुल : बाराचा म्हटलं मी. हा चौदाचा आहे. दहा वर्षं पाने हातात देतेस, अजून कळत नाही?

सुचिता : कळतं. मुद्दाम दिला.

(दिघी बंदराजवळचं घर. अंगणात जुनी लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स गाडी जॅकवर उचललेली. गाडीखाली उताणा विपुल, जॅकच्या दांड्यापाशी त्याची बायको सुचिता, ओटीवर त्याची आई मैना.)

विपुल : मस्करी नको. क्लचचं ऑइल तोंडावर टपकतंय. खाऱ्या हवेने नट पण धरलाय. दे लवकर.

सुचिता : आधी एक सांगा. गाडी बिघडली की तुम्ही पहिलं काय करता?

विपुल : डोकं नको खाऊ.

सुचिता : अंदाजाने पार्ट बदलायचा नाही, असं तुम्हीच सांगता. एक एक गोष्ट तपासायची, नसेल ती बाजूला काढायची, शेवटी उरेल तो फॉल्ट. मी पण तसंच केलं. सहा दिवस लागले.

विपुल : कसला फॉल्ट?

सुचिता : प्राप्तीच्या बोटांचा.

मैना : सुचिता, पुन्यांदा तेच काढू नको. डाक्टरनं लिवून दिलंय. वाऱ्यानं दरवाजा लागला, पोरीची बोटं सापडली.

सुचिता : ह्यांनी सांगितलं तेच डॉक्टरांनी लिहिलं. आई, ह्या गाडीचा दरवाजा तुम्ही कधी लावलाय?

मैना : मी कशाला हात लावू? हात लावला तर हा घर डोक्यावर घेतो.

सुचिता : मी रोज लावते. डाव्या दरवाजाच्या बिजागरीची पिन झिजलीय. दरवाजा इंचभर खाली लोंबतो. नुसता ढकलला तर कडेवर आपटतो आणि उघडाच राहतो. दोन्ही हातांनी उचलायचा, मग जोर लावून दाबायचा. वादळ आलं तरी तो वाऱ्याने लागायचा नाही.

विपुल : पिन बदलली मी. मागच्या महिन्यात.

सुचिता : नवी पिन तुमच्या डब्यातच आहे. पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. हे घ्या आई, बघा.

मैना : बंद हाय खरं.

विपुल : बाहेर येऊ दे मला. परवा ओठच फाटला ना? आता सगळे दात घशात घालतो तुझ्या.

सुचिता : या बाहेर.

विपुल : दांड्याला हात लावू नको.

सुचिता : थोडासाच फिरवला.

विपुल : सुचिता, गाडी खाली येतेय. चिरे लावलेत ना? दोन?

सुचिता : एक. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, दोन चिरे एकावर एक लावायचे, हे पण तूच शिकवलंस. आज एकच लावलाय. जांभ्याचा एक चिरा सात इंच. तेवढ्यात तुझी छाती मावत नाही.

विपुल : आई, तिला धर.

मैना : सोड गं. माणूस मरंल.

सुचिता : मरणार नाही, दाबला जाईल. तुम्ही पायरी उतरलात तर मी दांडा पूर्ण फिरवीन. तिथेच थांबा.

विपुल : पत्रा छातीवर आला. श्वास घेता येत नाही. वर घे. सुचिता, वर घे गं.

सुचिता : प्राप्ती पण ओरडत होती. मी मागे कपडे धूत होते, मला वाटलं खेळतेय. आले तर करंगळीचं टोक सीटवर पडलेलं. दवाखान्यापर्यंत ते मी मुठीत धरून नेलं. रिक्षात पुढे बसून तू सांगत होतास, वारा होता, वारा होता. मला तेव्हाच तुझा गळा धरायला हवा होता.

विपुल : फासळी मोडेल माझी.

सुचिता : गाडी चिऱ्यावर टेकायला अजून अर्धा इंच आहे. बोल.

विपुल : तिने खिळ्याने रंगावर नाव कोरलं. स्वतःचं. पंधरा वर्षं जपलेली गाडी आहे ती.

सुचिता : मग?

विपुल : मी म्हटलं, हात ठेव इथे.

सुचिता : मग?

विपुल : ठेवला तिने. मी दरवाजा उचलला आणि लावला.

सुचिता : किती वेळा?

विपुल : वर घे आधी.

सुचिता : किती वेळा?

विपुल : दोनदा. पहिल्यांदा नीट लागला नाही.

सुचिता : ऐकलंत आई? बाबांनी लावला, असं ती सांगत होती. तुम्ही तिला खोटारडी म्हणालात. तेव्हापासून पोरगी एक शब्द बोललेली नाही.

मैना : कुठं हाय ती?

सुचिता : माझा भाऊ, रितेश, तिला घेऊन जेट्टीवर थांबलाय. अकराच्या फेरीने आगरदांड्याला जातोय आम्ही. तिथून मुरुडला, पोलिसांकडे. तुम्ही ऐकल्याशिवाय मला जायचं नव्हतं.

विपुल : आई, जाऊ दे तिला. तू दांडा मार. दम कोंडतोय.

मैना : सुचिता, माझं मनगट कसं मोडलं, ठाव हाय?

सुचिता : विहिरीवर घसरलात.

मैना : समद्यांना तेच सांगितलं. ह्याच्या बापानं पाट्यावर धरून वरवंट्यानं मोडलं. हा दारात उभा व्हता, प्राप्तीएवढाच. कुनी इचारलं तर इहिरीवर म्हन, असं मीच ह्याला शिकवलं. पाच जनांनी इचारलं. पाचही जनांना ह्यानं तसंच सांगितलं, न अडखळता. मला तवा बरं वाटलं व्हतं.

विपुल : आई, ते आता कशाला?

मैना : दांडा माझ्याकडं दे, सुचिता.

सुचिता : तुम्ही लगेच वर घ्याल. हा जेट्टीवर येईल. पोरीसमोर मारेल मला.

मैना : न्हाय घेत. फेरीचा भोंगा इथवर ऐकू येतो. सुटताना वाजवतात, तवा घेईन. जा तू. पोरीला सांग, खोटारडी आजी व्हती.

सुचिता : सांगते. येते मी.

विपुल : आई. गेली ती. आता तरी वर घे.

मैना : भोंगा वाजूदे.

विपुल : तुला जॅक मारता येतो का तरी?

मैना : न्हाय येत. भोंगा वाजला की शिकव.