आरतीतली डांबरगोळी

...आणि वर मलाच विचारतात, "आधी का नाही बोललीस?" आधी! वर्गात हजेरी देतानाही जिचा घसा सुकतो, ती भरल्या घरात आरती थांबवणार? तुम्हीच सांगा!

म्हणजे झालं काय, केदारकाकाने कसबा पेठेत नवा फ्लॅट घेतला, त्याची वास्तुशांत. सामान हलवताना मंदाकाकूने शालींमधल्या डांबरगोळ्या एका रिकाम्या बरणीत भरल्या. बरणी कुठली? तर कापराची! लेबल तसंच. 'कापूर. झाकण घट्ट लावावे.' इतक्या सुवाच्य अक्षरातलं लेबल कोण फाडतं हो?

कापूर लावायची वेळ आली, काकाने बरणीत हात घातला आणि मी पाहिलं... कापराची वडी चपटी, ही तर गोल गरगरीत! पांढरी दोन्ही, उग्र वासाची दोन्ही, उघडी ठेवली तर न वितळता हवेत विरणारीही दोन्ही, संप्लवन म्हणतात त्याला... पण हे नॅफ्थलीन! लोकरीला कसर लागू नये म्हणून ठेवायचं, कारखान्यात रंग बनवायला वापरायचं. आरतीत लावायचं, असं दहावीच्या पुस्तकात तरी नाही! पण सांगणार कोण? मी?

तुम्हाला सांगते, प्रयत्न केला. "काका..." म्हटलं. झांजा! "काकू..." म्हटलं, तर काकू डोळे मिटूनच, "टाळ्या वाजव, टाळ्या!" वाजवल्या.

तेवढ्यात गोळीने पेट घेतला. नॅफ्थलीनमध्ये कार्बन ठासून भरलेला, तो सगळा जळत नाही, त्याची काजळी होते... आणि काय सांगू, ती काळ्या धाग्यांसारखी उडायला लागली! नव्या छताला, नव्या पडद्यांना, गुरुजींच्या उपरण्यावर! वास तर असा, जणू सगळ्या पेठेतली कपाटं एकदम उघडली. शेजारच्या जुबेदामावशी नाकाला पदर लावून म्हणाल्या, "कापूर फार कडक आहे हो तुमचा!" काकू खूश! "मंडईतला आहे. खात्रीचा!"

आता हिला सांगणार कोण? मी?

मग आरती फिरली. जो तो ज्योतीवर हात धरतोय, कपाळाला लावतोय... कपाळ काळं! काकाचं काळं, आत्याचं काळं, आणि भक्ती इतकी, की शेजारच्याकडे बघायला कुणाला सवड नाही! तेवढ्यात सलोनीताई तान्ह्या बाळाला घेऊन पुढे आली. "आमच्या सोन्यालाही द्या आरती!" आणि त्याचं एवढंसं नाक थेट त्या धुरात... अहो, हा धूर बाळाला किती वाईट! इथे सांगणार कोण... कोण म्हणजे? दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं!

"थांबा!" मी ओरडले. "बाळाला मागे घ्या! डांबरगोळी आहे ती!"

झांजा बंद. टाळ्या बंद. सलोनीताई बाळासकट गॅलरीत पळाली. काकाने आरतीवर पातेलं पालथं घातलं. बाळ ठणठणीत आहे, सगळ्यांची कपाळं बघून खदखदा हसत होतं. काकूने बरणी हुंगली, फिरवून पाहिली आणि म्हणाली, "लेबल तर बरोबर आहे."

वाटलं, आता सगळे माझ्यावर घसरणार. पण गुरुजी उपरणं झटकत म्हणाले, "झांजांच्या वर गेला हो मुलीचा आवाज! खणखणीत!" झालं! काकूने तिथल्या तिथे जाहीर केलं, "यापुढे घरातली प्रत्येक आरती अस्मिताच म्हणणार. सगळ्यांच्या पुढे उभी राहून!"

मी नाही म्हणणारच होते हो... पण तोंडातून आवाजच फुटेना.