देशमुखाच्या गढीचं दार

ऐका! मधी खोकू नका, नायतर मी निजतो.

निजामाचं राज्य बुडालं, त्या धामधुमीत देशमुखाची गढी जळाली. कुणी पेटवली? ते इचारू नका, त्यातले दोघं इथंच बसलेत! मग काय, तुळया गेल्या, फरशा गेल्या, ज्याला जे घावलं ते त्यानं उचललं. आपला दगडोबा गेला सगळ्यांच्या मागनं. त्याच्या घराला दार न्हाई, पोतं टांगलेलं. आन् सकाळी पोरीला बघायला पाव्हणे येणार! बायको भागाई म्हणाली, "पोतं बघून ते उंबऱ्यावरनंच माघारी जातील."

निघाला गडी अंधार पडल्यावर. उरलं होतं एकच सागवानी दार, चौकटीसकट. घेतलं पाठीवर. नाल्यात आला, तर पाठीवर टक टक! दारातनं! दगडोबा टणकन उडाला.

"कोण हाय तिकडं?" आतनं आवाज. देशमुखाचा!

आन् ह्या येड्यानं काय करावं? जन्माची सवय! म्हणाला, "जी सरकार!" भुताला ओ दिली की हो! दार झालं दुप्पट जड.

"पान लाव."

"जी!" आणखी जड. गुडघे वाकले.

"पाय चेप."

"जी!" दगडोबा पार आडवा! कसंबसं दार बाभळीला टेकवलं.

"आता दार उघड!"

अरे, आग लागली तेव्हाबी देशमुख हेच ओरडत होता. नोकर पळालेले, आन् ह्यानं जन्मात स्वतःच्या हातानं कडी काढली न्हवती, तसाच आत जळून मेला! कडी होती आतल्या अंगाला. दगडोबा निघाला वळसा घालून. तिकडं गेला असता तर भुताचा कायमचा चाकर!

तेवढ्यात कंदील घेऊन भागाई आली शोधत, हुकूम तिनंबी ऐकला. धोतर धरलं मागनं. "अवो, कुठं निघालात? कडी त्यांच्याच बाजूला हाय ना? मग काढू द्या की! हाताला मेंदी लागलीय का त्यांच्या?"

मग कडी वाजली. वर ओढतोय, खाली ओढतोय, येईना! दोघं तिथनं जे सुटले, ते घरात येऊन पडले.

सकाळी पाव्हणे आले. दगडोबा शरमेनं मेल्यागत उभा. नवरदेवाच्या आईनं पोतं सारलं, आत आली, टेकली आन् म्हणाली, "बरं केलंत बाई, गढीतलं काय आणलं न्हाई. आमच्यात तिथली खिडकी बसवलीय. रातभर कोण तरी पंखा हलवायला सांगतं!" लगीन तिथंच ठरलं!

दार अजून नाल्यात हाय. रात झाली की त्या वाटेनं जाऊ नका, बाबांनो. कडी कवाबी निघंल. बुद्धी मंद असली, तरी देशमुख चिकाटीचा हाय.