एका व्हिलात एक चूल

मंजुषा : आणि मीठ दुसऱ्या फळीवर, हळदीच्या शेजारी. लक्षात राहील ना, भाभी?

खैरुन्निसा : माज्याच किचनात मीठ कुठं हाय ते आता तू मला शिकव. काल तुजं व्हरांड्यातलं किचन मोडलं, आज माजं. तुज्या पोह्यांच्या डब्याला माजा सुका जवळा चिकटून बसलाय बघ.

मंजुषा : बसू दे. पालिकेला एकोपाच हवाय. एका व्हिलात एकच कुटुंब! चार वर्षं आपण दोन कुटुंबं राहिलो, तेव्हा कुणाला टोचलो नाही. आता मार्केट क्रॅश झालं, त्या पॉश मरीनात टॉवरच्या टॉवर रिकामे पडले, आणि दुबईत गर्दी म्हणे आपल्यामुळे होते.

खैरुन्निसा : आगीची भीती असते गो. मागच्या गल्लीत आपल्यासारख्याच प्लायच्या भिंती कशा धडाधड पेटल्या, विसरलीस?

मंजुषा : कशी विसरेन? म्हणून तर माझा सिलिंडर काल बाथरूममध्ये नेऊन ठेवलाय. किती सुरक्षित!

खैरुन्निसा : गणपती कुठं ठेवलास?

मंजुषा : तुमच्या कपाटात, जहूरभाईंच्या इस्त्रीच्या शर्टांमागे. चार वर्षं मायक्रोवेव्हवर बसला बिचारा, आज पहिल्यांदा वॉर्डरोब मिळाला त्याला.

खैरुन्निसा : हमरियाच्या कामावरून थकून येतील, कपाट उघडतील नि दचकतील. आधी फोन करून सांगते बाय.

मंजुषा : सांगा. म्हणावं, पाहुणा आहे. आमच्यासारखाच.

खैरुन्निसा : आणि सूर्यकांतभाऊ?

मंजुषा : मॉलच्या पार्किंगमध्ये, गाडीत. घरात दुसरा पुरुष दिसला तर पंचाईत. जॉब गेल्यापासून नाहीतरी बसायचाच एक्स्पीरियन्स वाढतोय. म्हटलं, सीव्हीवर टाका.

खैरुन्निसा : असं नको बोलू गो त्यांना.

मंजुषा : मग काय करू, रडू? मार्चमध्ये अवनीची दहावीची बोर्डाची परीक्षा. कंपनीने तोवर व्हिसा ठेवलाय, तेवढीच मेहेरबानी. परीक्षा झाली की चाललो पुण्याला. पण तोपर्यंत आम्हाला घर कोण देणार? एजंट म्हणतो, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट करा, चेक आधी द्या. आज इथून काढलं तर पोरीने परीक्षा कुठून द्यायची, एअरपोर्टवरून?

खैरुन्निसा : इथून द्यायची. कॉन्ट्रॅक्ट आमच्या नावावर हाय. तू माजी पाहुणी, पोरीच्या परीक्षेसाठी आलीस. ह्यात खोटं काय हाय? जरा चार वर्षं आधी आलीस, इतकंच.

मंजुषा : पकडलं तर तुमचंही लाइट-पाणी तोडतील, भाभी. तुमच्या सुमैय्याला घेऊन तुम्ही कुठे जाल? खरंच सांगते, आम्ही आजच निघतो. तिकडे रोल्ला भागात यांचा एक मित्र आहे...

खैरुन्निसा : त्या मित्राकडं एका खोलीत सहा माणसं. तिथं पोरगी अभ्यास करील काय? गप बस आता. आणि तो पालिकेचा माणूस आला की पाहुणीसारखी वाग. कशाला हात लावू नकोस.

मंजुषा : नाही लावणार. सोफ्यावर बसून राहीन.

खैरुन्निसा : चार वर्षांत एकदा तरी बघायला मिळेल मला ते.

(दारावरची बेल वाजते.)

इन्स्पेक्टर : सलाम आलेकुम, मदाम. चेकिंग. इधर कितना फॅमिली?

खैरुन्निसा : व आलेकुम सलाम. एक ही फॅमिली है, भाई. हमारा. ये मेहमान है.

इन्स्पेक्टर : माशाल्ला. इस गली में हर घर में मेहमान है. सुबह से देख रहा, सब घर में एक कझिन सिस्टर.

मंजुषा : मैं कझिन नहीं हूँ. सहेली हूँ.

इन्स्पेक्टर : अच्छा. ये नया है. और ये लकडी का दीवार क्यों?

खैरुन्निसा : इसका लडकी उधर पढता है. आवाज नहीं होना करके.

इन्स्पेक्टर : व्हरांडा में दीवार पीला क्यों है?

मंजुषा : भाभी, सांगा काहीतरी. हळदीचे डाग, रात्री घासूनसुद्धा गेले नाहीत.

खैरुन्निसा : वो रंग है, भाई. पुराना रंग.

इन्स्पेक्टर : रंग में राई भी चिपका है, मदाम.

खैरुन्निसा : भाई, तुम धूप में से आया. बैठो. चाय पियो.

इन्स्पेक्टर : नहीं, ड्यूटी है.

खैरुन्निसा : हमारे घर से बिना चाय कोई नहीं जाता. मंजू, तू बस. तू पाहुणी. मी करते. दूध हाय, पत्ती हाय... साखर कुठं गेली मेली? हा रवा... हा माजा जवळा...

मंजुषा : सापडेल, भाभी. नीट बघा.

खैरुन्निसा : ही बघ, ही साखरच दिसते.

मंजुषा : अहो, मीठ घालताय चहात! साखर खालच्या फळीवर, तांदळाच्या मागे, निळ्या झाकणाचा डबा! आणि आलं फ्रीजच्या दारात आहे, तेही किसून घाला!

इन्स्पेक्टर : मदाम, मेरे को तुम्हारा लँग्वेज नहीं आता. लेकिन समझ गया. मेहमान को सब मालूम. मालकिन को शुगर नहीं मालूम.

मंजुषा : खलास. सुनो, भाई. हम चार साल से इधर हैं. मेरे हजबंड का काम गया. मार्च में बच्ची का एक्झाम है, उसके बाद हम इंडिया जाएगा. इसमें भाभी का कुछ गलती नहीं. इनका लाइट मत काटो. निकालना है तो मेरे को निकालो.

खैरुन्निसा : कोई नहीं निकलेगा! मंजू, तुला कुणी विचारलं होतं?

इन्स्पेक्टर : किचन कितना है?

खैरुन्निसा : एक.

इन्स्पेक्टर : कल कितना था?

मंजुषा : दो.

इन्स्पेक्टर : कल मैं नहीं आया. आज आया, एक देखा. लेकिन लकडी का दीवार आज निकालो. आग पकडता है, बच्चा लोग मरता है. और बाथरूम से सिलिंडर भी बाहर करो.

मंजुषा : आपने बाथरूम कब देखा?

इन्स्पेक्टर : नहीं देखा. सब लोग उधर ही रखता है. मैं एप्रिल में फिर आएगा, मदाम. तब मेहमान नहीं मंगता.

मंजुषा : नहीं होगा.

इन्स्पेक्टर : यल्ला, चलो, चाय दो. शुगर कम.

मंजुषा : गेली एकदाची त्याची गाडी. कप तर चाटूनपुसून संपवला.

खैरुन्निसा : मोठी खरं बोलणारी आलीस! तो दुसरा कोण असता तर?

मंजुषा : आणि तुम्ही! चार वर्षं सकाळचा चहा माझ्या किचनमधून आयता यायचा ना, म्हणून ही वेळ. स्वतःच्या घरात साखर सापडेना!

खैरुन्निसा : माज्या घरात साखर लपवलीस तू, आणि वर मलाच बोल?

मंजुषा : लपवली नाही, लावली. बरं, यांना बोलावते पार्किंगमधून. म्हणावं, या, भिंत पाडायचं काम निघालंय. अपॉइंटमेंट लेटर मागू नका म्हणजे झालं.

खैरुन्निसा : भिंत गेली की त्यांचं घोरणं सरळ माज्या हॉलात.

मंजुषा : मार्चपर्यंतच. मग झोपा निवांत.

खैरुन्निसा : झोपेन की.

मंजुषा : आणि हे बघा, निघायच्या आधी माझे डबे काढून घेईन. तुमचं किचन होतं तसं लावून देईन. म्हणजे पुन्हा शोधाशोध नको.

खैरुन्निसा : नको.

मंजुषा : काय नको?

खैरुन्निसा : तुजा गणपती घेऊन जा. पोहे घेऊन जा. पण साखर राहू दे तिथंच, तांदळाच्या मागं.