धुवायचा राहिलेला पट्टा

तुम्ही आमच्या संजयला पाहिलं नाहीत, म्हणून सांगतो. आमच्या जीपवाल्या ग्रुपमध्ये कुणाची गाडी चिखलात रुतली की ओढून काढायला तोच पुढे. मागच्या पावसाळ्यात एका ट्रिपवरून आला आणि दुसऱ्याच दिवशी हार्ट अटॅकने गेला.

महिन्याभराने त्याच्या बायकोने, सुनीतावहिनींनी, मला सीवूड्सच्या घरी बोलावलं. म्हणाल्या, "पलंगात त्यांचं गाडीचं सामान पडलंय भावजी, घेऊन जा."

पलंगाची फळी उचलली. हुक, फावडं, हातमोजे, सगळं कापडात गुंडाळून नीट लावलेलं. फक्त गाडी ओढायचा पट्टा चिखलाने माखलेला, सुकून कडक झालेला.

"हा धुवायचा राहिला त्यांचा," वहिनी म्हणाल्या. "मातीचे कण पट्ट्याला आतून कापतात म्हणायचे. एवढा धुवूनच न्या."

आम्ही दोघांनी तो बाथरूममध्ये धुतला. गढूळ पाणी थांबेचना. वहिनी नुसत्या घासत होत्या. मग पट्टा गॅलरीत सावलीला टाकला.

मी हळूच विचारलं, "वहिनी, जीपला गिऱ्हाईक बघू का?"

त्यांनी पदराला हात पुसले. "सामान इथंच राहू द्या भावजी. आधी मला ती जीप चालवायला शिकवा."