सहावी पट्टी

...आणि वर मलाच गाढव म्हणतात! अहो, कोट टेलरकडे नेला मी, आणला मी, आणि गाढवही मीच? तुम्हाला सांगतो, आमचे आजोबा फौजेतले. पलटणीतल्या जुन्या लोकांचा मेळावा, दहा वर्षांनी बोलावणं आलेलं, म्हणून ट्रंकेतून लोकरी कोट निघाला. बाहीवरच्या पट्ट्या कसरीनं खाल्लेल्या. ‘नव्या लावून आण. पाच! चार वर्षांना एक पट्टी. माझी नोकरी तेवीस वर्षं. मोज!’ मोजलं की! विसाला पाच, वरची तीन हवेत... गुडघा गेला नसता तर सहावी नक्की होती, हे आम्ही घरात पाढ्यासारखं ऐकलंय!

टेलरकाकांना पाच सांगितल्या. संध्याकाळी बघतो तर सहा! काका, हे काय? ‘अरे, पाकिटात सहा येतात. एक उरत होती, म्हटलं लावून टाकू... भरगच्च दिसतं!’ भरगच्च? उशीचा अभ्रा आहे का तो? पण म्हटलं, जाऊ दे, आजोबा खूश होतील...

खूश? कोट असा लांब धरला, जसा काही चोरीचा माल! ‘जे वर्ष मी काढलंच नाही, ते बाहीवर मिरवू?’ आजी म्हणाली, ‘अहो, कोण मोजतंय?’ ‘सगळे मोजतात! चार वर्षांना एक पट्टी! उसव रे!’

मेळाव्याच्या सकाळी बसलो ब्लेड घेऊन. पट्टी निघाली हो, पण काकांनी हौसेनं अशी कडक इस्त्री मारलेली, की तिचा चकचकीत ठसा तस्साच! वाफ दिली, ओलं फडकं दिलं, फुंकरसुद्धा मारली... ढिम्म!

मेळाव्यात पहिलाच मिशीवाला दोस्त बाही बघून दचकला. ‘काय रे... एक काढून घेतली? असं केलंस तरी काय?’ झालं! तेवीस वर्षं डाग नाही, आणि आता बाहीवर शिक्षेचा ठसा! आजोबा लालबुंद. माझं मनगट धरून मला शेजारी उभं केलं. ‘सांग यांना!’ सांगितलं... टेलर, पाकीट, इस्त्री. दुसरा आला. ‘सांग यांना!’ तिसरा... अहो, त्रेचाळीस जण! आणि मध्ये मध्ये ‘टाचा जुळव, गाढवा!’

घरी आल्यावर आजोबांनी खिशातून ती उसवलेली पट्टी काढली, माझ्या हातावर ठेवली. ‘घे. शेवटी शेवटी बरा उभा राहत होतास.’

चार वर्षांना एक पट्टी, आणि मला एका सकाळीत! पण लावू कुठे, टी-शर्टला? आणि शिवायला द्यायची कुणाकडे? त्याच काकांकडे ना... भरगच्च दिसतं म्हणून आणखी पाच लावून देतील!